आधी कान

मुलीला पेटी शिकायला घातली तर तिचं गणित सुधारेल का, असं आता पालक सरळ विचारतात. क्लासच्या जाहिरातींतही बुद्ध्यांक वाढतो, एकाग्रता वाढते, असं ठळक अक्षरांत छापलेलं असतं. या समजुतीचं मूळ बऱ्याच अंशी एका छोट्या प्रयोगात आहे, आणि तो प्रयोग लहान मुलांवर झालेलाच नव्हता.

१९९३ साली अमेरिकेत फ्रान्सेस राउशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली एक सोनाटा दहा मिनिटं ऐकवली आणि लगेच काही कोडी घातली. कागदाला घड्या घालून तो कापला, तर उलगडल्यावर कसा दिसेल, अशा धाटणीची. नुसतं शांत बसल्यावर मिळाले त्यापेक्षा मोझार्ट ऐकल्यावर त्यांना बुद्ध्यांकाच्या मापाने आठ-नऊ गुण जास्त मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, हेही त्याच लेखात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण बातमी पसरली ती 'मोझार्टने बुद्धी वाढते' अशी. पाच वर्षांत गोष्ट इथवर आली की जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीताची ध्वनिफीत देण्यासाठी सरकारी अंदाजपत्रकात १,०५,००० डॉलर मागितले. पुढे कॅनडातल्या अभ्यासकांनी मोझार्टऐवजी शूबर्ट लावून पाहिला, स्टीफन किंगची गोष्टही ऐकवून पाहिली. ज्याला जे आवडलं ते ऐकून त्याला कोडी थोडी बरी सुटली. मन प्रसन्न झालं, तरतरी आली, एवढाच त्याचा अर्थ.

ऐकवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, असं यावर कुणी म्हणेल. ते बरोबरच आहे. ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांचे गट पाडले. कुणाला कीबोर्ड, कुणाला गाणं, कुणाला नाटक, आणि काहींना वर्षभर काहीच नाही. संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी सात गुणांनी वाढला, इतरांचा सुमारे सव्वाचार. फरक खरा होता, पण लहान होता. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी चार वर्षांच्या मुलांवर असाच प्रयोग केला, तेव्हा भरवशाचा फरक सापडला नाही. २०२० साली जोव्हानी साला आणि फर्नांड गोबे यांनी ५४ अभ्यास एकत्र करून जवळजवळ सात हजार मुलांची आकडेवारी तपासली. प्रयोग जितका काटेकोर, तितका बुद्धीवरचा आणि अभ्यासावरचा परिणाम शून्याच्या जवळ जाताना त्यांना दिसला.

यामुळे मी निराश होत नाही. संगीताचा तास गणिताच्या गुणांसाठी मागितला, तर गुण वाढत नाहीत असं सिद्ध झालेल्या दिवशी तो तास काढून घेता येतो, आणि आपल्या शाळांत तो काढून घ्यायला एरवीही निमित्त लागत नाही. परीक्षा जवळ आली की गाण्याचा तास गणिताला जातो, याची मुलांना सवय झालेली आहे. संगीत लहान मुलाला जे देतं ते दुसरीकडे शोधायला हवं. आपले गवई ते पूर्वीपासून ओळखून आहेत. शिष्याचा गळा फिरतो का याच्या आधी त्याचा कान तयार झाला का, हे ते पाहतात.

गर्भातल्या बाळाला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागतं. पोटातून आणि पाण्यातून पलीकडे जाताना आईच्या बोलण्यातली व्यंजनं पुसट होतात. पोचते ती आवाजाची चढउतार आणि लय. म्हणजे भाषेतले शब्द कळण्याच्या कितीतरी आधी तिची चाल बाळाच्या ओळखीची होते. बुडापेस्टच्या इश्तवान विंकलर यांनी २००९ साली दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलकाचा एक ठेका सतत ऐकवला आणि मध्येच त्यातला पहिला, वजनाचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूने त्या रिकाम्या जागेची लगेच नोंद घेतली. इतर, कमी महत्त्वाचा ठोका गाळला तेव्हा तशी नोंद दिसली नाही. समेची जागा ओळखण्याची तयारी माणूस जन्मतःच घेऊन येतो, असं म्हणायला हा भक्कम पुरावा आहे.

याच्या पुढची पायरी मला जास्त महत्त्वाची वाटते. एरिन हॅनन आणि सॅन्ड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना दोन तऱ्हेचे ठेके ऐकवले. एक पाश्चात्त्य गाण्यांत नेहमी भेटणारा, सरळ समान वाट्यांचा. दुसरा बाल्कन प्रदेशातला, ज्यात सात मात्रा विषम वाट्यांनी पडतात. आपल्या रूपकाची तीन-दोन-दोन अशी विभागणी ज्यांना माहीत आहे त्यांना यात काही परकं वाटणार नाही. दोन्ही ठेक्यांत केलेली मोडतोड सहा महिन्यांच्या बाळांनी ओळखली. तिथल्याच मोठ्या माणसांना मात्र बाल्कन ठेक्यातला बिघाड कळेना, आणि वर्षाच्या बाळांचंही तसंच होऊ लागलेलं दिसलं. जे कानावर पडत नाही ते ओळखण्याची ताकद पहिल्याच वर्षात मावळायला लागते. पण वर्षाच्या बाळांना दोन आठवडे घरी तसलं संगीत ऐकवलं, तर ती ताकद परत आली. मोठ्यांना तेवढाच सराव देऊन ती तशी आली नाही. लहानपणी कानावर काय पडतं याला एवढं महत्त्व का, हे यावरून कळतं. ज्या घरात रोज हरिपाठ होतो, किंवा ज्या बाळाच्या झोपेच्या वेळी शेजारी तबल्याचा रियाझ चालतो, तिथे हे काम कुणी ठरवल्याशिवाय होऊन जातं. बाकीच्या मुलांचं काय, हा खरा प्रश्न आहे.

लय ओळखणारा कान भाषेच्याही कामी येतो. सिअॅटलमध्ये क्रिस्टिना झाओ आणि पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना आईबापांच्या मांडीवर बसवून तीन मात्रांच्या गाण्यांवर खुळखुळे वाजवायला लावले, पाय आपटायला लावले. पंधरा-पंधरा मिनिटांची बारा सत्रं, महिनाभरात. दुसऱ्या गटातली बाळं तेवढाच वेळ नुसती खेळण्यांशी खेळली. नंतर पाहिलं तर पहिल्या गटाच्या मेंदूने संगीतातली लय बिघडलेली जास्त ठळकपणे टिपली, आणि बोलण्यातलीही. बोलण्याची चाचणी होती व्यंजन किती लांबलं हे ओळखण्याची. मराठीत 'मका' आणि 'मक्का' यांत जो फरक आहे, अगदी तोच.

आपली वर्णमाला तर या बाबतीत कानाची मोठी परीक्षाच घेते. प, फ, ब, भ हे चारही ओठांवरच घडतात. वेगळे होतात ते स्वरतंतू कधी कंप पावू लागले आणि श्वास किती सुटला यावरून, आणि हा खेळ सेकंदाच्या काही शतांशांत संपतो. मूल 'भ'च्या जागी 'ब' लिहितं तेव्हा आपण त्याच्या हाताला दोष देतो. पुष्कळदा तो फरक त्याच्या कानापर्यंत स्पष्ट पोचलेला नसतो. वाचनात अडखळणाऱ्या अनेक मुलांना ठेक्यावर टाळी धरणंही जड जातं, हे केंब्रिजच्या उषा गोस्वामी यांनी वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवलं आहे. बीजिंगमध्ये चार-पाच वर्षांच्या ७४ मुलांवर झालेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेचा. काहींना सहा महिने पियानो शिकवला, काहींना जादा वाचन दिलं, काहींना काहीच नाही. बुद्ध्यांक, अवधान, स्मरणशक्ती यांत गटागटांत फरक पडला नाही. पण केवळ व्यंजनाने वेगळे होणारे शब्द ओळखण्यात पियानोची मुलं पुढे निघाली.

घाई करणाऱ्यांनी मात्र लॉस एंजेलिसची गोष्ट लक्षात ठेवावी. तिथल्या गरीब, गुंडांच्या टोळ्यांनी ग्रासलेल्या वस्त्यांत मुलांना फुकट संगीत शिकवणारी एक संस्था आहे, हार्मनी प्रोजेक्ट. नीना क्राउस यांनी त्या मुलांचा मेंदू जवळच्या उच्चारांची अक्षरं किती स्पष्ट वेगळी करतो हे मोजलं. एक वर्षानंतर काहीच बदल नव्हता. दोन वर्षं टिकून शिकलेल्यांत तो दिसला. सुट्टीतल्या दहा दिवसांच्या शिबिराने मुलांना आनंद जरूर मिळतो, आणि तोही हवाच. कान तयार व्हायला वर्षं लागतात.

दुसरी देणगी सोबतीची. चौदा महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन गाण्याच्या तालात झुलवलं आणि समोर उभी असलेली अनोळखी बाई त्याच तालात झुलली, तर नंतर तिच्या हातून पडलेली वस्तू ते बाळ जास्त वेळा उचलून देतं. ती बेतालपणे झुलली तर तसं कमी होतं. कॅनडातल्या लॉरा सिरेली आणि लॉरेल ट्रेनर यांचं हे काम २०१४ सालचं. जर्मनीत चार वर्षांच्या मुलांनी एकत्र गाऊन, वाजवून खेळ केला, तेव्हा नंतर ती एकमेकांच्या मदतीला जास्त धावली. भोंडल्याच्या फेरात हात धरून फिरलेल्या किंवा टाळ घेऊन दिंडीत चाललेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. म्हणूनच लहान मुलाचं पहिलं संगीत चार-दहा मुलांत मिळून व्हावं असं मला ठामपणे वाटतं. एकट्या मुलाला शिक्षकासमोर बसवून घोटून घेणं नंतर आहेच.

आता ज्याने हे सगळं शाळेत उतरवून दाखवलं त्याच्याकडे येतो. झोल्तान कोदाय हा हंगेरीचा संगीतकार. १९०५-०६ पासून तो आणि बेला बार्तोक खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करत होते. तेव्हा शहरातल्या शिकलेल्या हंगेरियन घरांत जर्मन चाली चालत, आणि शाळांतही बरंचसं तेच. शाळेत मुलं जे गात होती ते कोदायच्या कानाला सोसेना, आणि पुढची चाळीस वर्षं या थोर रचनाकाराने आपली ताकद लहान मुलांसाठी दोन-दोन ओळींची गाणी आणि स्वराभ्यास लिहिण्यात घातली. मुलाचं पहिलं वाद्य त्याचा गळा, हे त्याचं पहिलं तत्त्व. तो सगळ्यांकडे असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. दुसरं तत्त्व असं की सुरुवात मुलाच्या मातृभाषेतल्या लोकगीतांनी व्हावी, कारण तिथे चाल आणि बोली एकाच वजनाने चालतात.

त्याची रीत वाचताना मराठी माणसाला जागोजाग आपलं घर दिसतं. त्याच्या पद्धतीत 'दो' कुठल्याही पट्टीत असू शकतो, जसा आपला सा. इंग्लंडातल्या शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली ही पद्धत त्याने उचलली. तालासाठी मुलं आधी तोंडाने 'ता', 'ती-ती' असे बोल म्हणतात. आपला तबलजी पोराच्या हाताला तबला लावण्याआधी बोल पढायला लावतो, त्यामागचा विचार हाच. सुरुवातीची गाणी दोन-तीन सुरांत फिरतात, मग पाच सुरांत. भोंडल्याची आणि आपल्या खेळांची बरीच गाणी अशाच चार-पाच सुरांच्या परिसरात वावरतात, म्हणून तीन वर्षांची पोरगीही ती न शिकवता उचलते.

१९५० साली कोदायच्या जन्मगावी, केचकेमेतला, रोज गाण्याचा तास असलेली पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली. पंधरा वर्षांत अशा शाळा शंभरावर गेल्या. १९६४ मध्ये जगभरचे संगीतशिक्षक बुडापेस्टच्या परिषदेला आले, तेव्हा सामान्य घरांतली आठ-दहा वर्षांची मुलं स्वरलिपी पाहून अनोळखी गाणं सुरात म्हणताना त्यांनी पाहिली. तिथून ही पद्धत जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली. त्या शाळांचं मोठेपण माझ्या मते निवडक हुशार मुलं घडवण्यात नव्हतं. वर्गातलं प्रत्येक मूल गाणार हे तिथे गृहीत होतं.

याहून जवळचं उदाहरण गोव्यात आहे, आणि ते आपण फारच कमी सांगतो. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडून गावोगाव शाळा निघाल्या, सोळाव्या शतकापासून. त्यांना एस्कोला पारोकियाल म्हणत. हेतू धर्मप्रसाराचा होता, चर्चमध्ये गायला आणि वाजवायला मुलं हवी होती, आणि त्या राजवटीचा जाच विसरण्याजोगा नाही. पण त्या शाळांत शेतकऱ्याच्या आणि मच्छीमाराच्या पोरालाही दो-रे-मी वाचून गाता येऊ लागलं, आणि मग व्हायोलिन हाती येई. पिढ्यानुपिढ्या हे चाललं. त्यातून मांडो हा गाण्याचा प्रकार जन्मला, घरोघर व्हायोलिन आलं, आणि विसाव्या शतकात मुंबईच्या सिनेमाला वाद्यवृंदाची गरज पडली तेव्हा स्वरलिपी वाचणारे वादक तयारच होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चमधल्या संगीतशिक्षकाचे चिरंजीव. त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पुढे 'अमर अकबर अँथनी'त जे नाव देशभर गाजलं ते प्यारेलालनी आपल्या या गुरूंना वाहिलेला मान होता. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातला व्हायोलिनांचा ताफा आठवावा. त्याची मुळं गावच्या शाळेतल्या लहान मुलांच्या स्वरपाठांत आहेत.

महाराष्ट्रात वाट वेगळी होती. इथे गाणं घराण्यांत होतं. गवयाच्या मुलाचा कान पाळण्यातच तयार होई, बाकीच्यांना गुरूच्या घरी पाणी भरत राहावं लागे. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात मौलाबक्ष यांनी १८८६ साली बडोद्यात गायनशाळा काढली. कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापलं, वर्ग भरवले, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली, आणि गाणं मध्यमवर्गी घरांत आणलं. हे ऋण फार मोठं आहे. आज गावोगाव परीक्षेला बसणारी मुलं त्याच कामाचं फळ आहेत. पण ती रचना मोठ्या मुलांना शोभते. पाच वर्षांच्या मुलाला रागाचे आरोह-अवरोह आणि व्याख्या पाठ करायला लावल्या, तर त्याच्या हाती प्रमाणपत्र येतं आणि गाणं निसटतं. मुलांच्या वयाकडे पाहून शिक्षण मांडणारी माणसं आपल्याकडे बालवाडीत झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला गाणी, गोष्टी आणि नाच ही शिक्षणाची साधनं मानली. गवयांची परंपरा आणि बालवाडीची परंपरा, या दोन्ही आपल्याकडे असून एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत, ही मला मोठी हानी वाटते.

त्यांना भेटवायला फार सामग्री लागत नाही. बालवाडीच्या ताईंचा गळा गोड असायला हवा असंही नाही, सुरात असला की पुरे. पट्टी मात्र सांभाळायला हवी. मोठी माणसं आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत गातात. मुलाचा गळा तिथे उतरत नाही, मग ते गाणं सोडून नुसतं बोलतं आणि त्याच्यावर बेसूर असा शिक्का बसतो. सूर खरोखरच ओळखता न येणारी माणसं शंभरात जेमतेम एक-दोन असतात. बाकीच्यांना फक्त गळा सुराला नेऊन लावायचा सराव हवा असतो, आणि तो सात-आठ वर्षांपर्यंत हळूहळू जमत जातो. चौथ्या वर्षी 'तू नुसते ओठ हलव' असं ऐकलेली मुलं मोठेपणीही गात नाहीत. हे वाक्य कुठल्याही शिक्षकाने कधीही उच्चारू नये.

मोबाइलवर बालगीतं लावून काम भागत नाही. पॅट्रिशिया कूल यांनीच २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवून हे पाहिलं होतं. समोर बसलेल्या माणसांकडून ती बाळं चिनी उच्चारांतले भेद शिकली. त्याच माणसांच्या चित्रफितीतून शिकली नाहीत. तो प्रयोग भाषेचा होता, पण गाण्यालाही लहान वयात समोर माणूस हवा, असं मला त्यावरून वाटतं. डोळ्यांत पाहून, टाळी देऊन, चुकल्यावर थांबून पुन्हा म्हणणारं माणूस.

आणि वाद्य कधी हाती द्यावं, असं विचाराल तर बोटं आणि बैठक तयार झाल्यावर, म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत सहा-सात वर्षांच्या सुमारास. व्हायोलिन त्याआधीही लहान आकारात मिळतं. जपानच्या शिनिची सुझुकींनी तीन-चार वर्षांच्या मुलांना ते शिकवलं, पण तेही आधी महिनोन्‌महिने ऐकवून आणि आईला सोबत शिकवून. तोवर बालवाडीत रोज वीस मिनिटं पुरतात. एक ओळखीचं गाणं, एक नवीन. ताईंनी एक ओळ म्हणायची, मुलांनी ती परतवायची. मग टाळीने चार मात्रा, कधी सात. चालता चालता लय दुप्पट करायची, पुन्हा संथ करायची. मध्येच सगळ्यांनी गप्प राहून ओळ मनात म्हणायची आणि पुढच्या ओळीला एकदम उचलायची. पाच वर्षांची तीस मुलं हे एका दमात करू लागली, की पेटीमास्तरांना बोलवायला हरकत नाही.